मेहेरबानी नको, नियम हवा

झोपेत श्वास चालू ठेवणारं सीपॅप यंत्र घेऊन विमानतळावर येणाऱ्या माणसाला ते पिशवीतून काढून दाखवावं लागतं, यात काहीही चूक नाही. हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो, कारण पुढचं लिखाण तपासणीविरुद्धचं गाऱ्हाणं म्हणून वाचलं जाऊ नये. मी स्वतः हे यंत्र वापरतो आणि प्रवासात ते कायम माझ्याबरोबर असतं. तपासणी सैल करा, असं माझं म्हणणं नाही. तिचा नियम लेखी असावा, तो प्रवाशाला घरून निघण्याआधी वाचता यावा आणि देशातल्या प्रत्येक विमानतळावर तो सारखाच लागू व्हावा, एवढंच माझं म्हणणं आहे. आज यातलं बरंचसं त्या दिवशी एक्स-रेच्या पट्ट्याजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या माहितीवर आणि मर्जीवर ठरतं. ज्याचा झोपेतला श्वास एका यंत्राच्या आधाराने चालतो, त्याला असं कुणाच्या मर्जीवर सोडणं मला अन्यायाचं वाटतं.

आधी स्लीप अॅप्निया या आजाराविषयी थोडं सांगायला हवं, कारण निम्मा गैरसमज तिथूनच सुरू होतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाटच मिटते. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ हवा आत जात नाही, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागा करतो आणि एक मोठा घोरका घेऊन श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी त्या माणसाला यातलं काहीच आठवत नाही. तासाला असे पाच प्रसंग घडले की आजार धरला जातो, पंधरापासून तो मध्यम आणि तिसापासून तीव्र. तीव्र आजार असलेला माणूस रात्रभर, दर दोन मिनिटांनी किंवा त्याहूनही लवकर, गुदमरत असतो. रक्तदाब, हृदयाचे ठोके चुकणं, पक्षाघात, गाडी चालवताना लागणारी डुलकी हे सगळं या आजाराच्या मागोमाग येतं.

1980 पर्यंत यावर खात्रीचा इलाज एकच होता, तो म्हणजे श्वासनलिकेला भोक पाडणं. त्या वर्षी सिडनीत कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून नाकातून दाबाखाली हवा सोडणारं एक यंत्र जुळवलं. या आजाराला पहिल्यांदाच बिनशस्त्रक्रियेचा पर्याय मिळाला. 1981 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याची हकिकत छापून आली. आजचं यंत्र त्याच तत्त्वावर चालतं. खोलीतलीच हवा ते पाण्याच्या 4 ते 20 सेंटिमीटर दाबाने घशात ढकलतं आणि घसा उघडा ठेवतं. त्यात प्राणवायूची टाकी नसते, कुठलं औषध नसतं, काही पेटणारं नसतं. हे मुद्दाम लिहितो, कारण ‘ऑक्सिजन आहे का यात?’ हा प्रश्न चेक-इनच्या काउंटरवर हमखास येतो. प्राणवायूचं सिलिंडर आणि हे यंत्र यांतला फरक समोरच्याला ठाऊक नसेल, तर प्रवासाचा पहिला अर्धा तास तिथेच जातो.

हा आजार मूठभरांचा आहे, असंही नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये शहरी मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झोपेतल्या श्वसनाचा बिघाड त्यांच्या अंदाजाने 19.5 टक्के पुरुषांत होता आणि दिवसाच्या झोपाळूपणासह पूर्ण आजार 7.5 टक्क्यांत. दिल्लीच्या एम्सच्या संशोधकांनी 2023 मध्ये देशभरातले अभ्यास एकत्र मांडून कामकरी वयाच्या सुमारे 10 कोटी 40 लाख भारतीयांना हा आजार असावा, असा अंदाज दिला. 2022 च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत या आजाराचं नाव होतं. अनेक घरांनी ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. निदान होणारे अजून थोडे आहेत, पण ते वाढणार आहेत, आणि विमानाने फिरणारेही वाढणार आहेत. म्हणजे आज पट्ट्यावर क्वचित येणारी सीपॅपची करडी-काळी पिशवी उद्या रोजची होणार आहे.

आता पट्ट्याच्या पलीकडे बसलेल्या माणसाच्या जागी बसून पाहू. त्याच्या पडद्यावर सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसते, धातू निळा, आणि मधलं सगळं हिरवट. सीपॅपची पिशवी आत गेली की त्याला काय दिसतं? तांब्याच्या गुंडाळ्यांची मोटर, सर्किट बोर्ड, जाड वायर, विटेएवढा अडॅप्टर, गुंडाळलेली नळी, आणि हवा ओलसर करणाऱ्या टाकीत पाणी राहिलं असेल तर एक नारिंगी गोळा. ज्या मांडणीवर संशय घ्यायला त्याला शिकवलेलं असतं, जवळजवळ तीच ही मांडणी. तो थांबवतो, यात त्याचा आकस नसतो.

आणि त्या शिकवणीमागे रक्त सांडलेलं आहे. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान बॅगेतल्या बॉम्बने आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर फुटलं आणि 329 माणसं गेली. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर दुसऱ्या बॅगेचा स्फोट झाला. तो बॉम्ब म्युझिक सिस्टिमच्या ट्यूनरमध्ये दडवलेला होता. 1988 च्या डिसेंबरात लॉकरबीवर पॅन अॅमचं विमान पाडलं गेलं, ते रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये लपवलेल्या स्फोटकांनी. ‘कनिष्क’नंतर, 1987 मध्ये, नागरी विमान सुरक्षा ब्युरो हा आपल्याकडे स्वतंत्र विभाग झाला. 1999 च्या डिसेंबरात काठमांडूहून निघालेलं विमान कंदाहारला पळवून नेलं गेलं, आणि त्यानंतर 2000 च्या फेब्रुवारीत जयपूरपासून विमानतळांची राखण केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जायला सुरुवात झाली. घरगुती दिसणाऱ्या विजेच्या वस्तूकडे संशयाने पाहायला या माणसांना इतिहासानेच शिकवलं आहे. त्यांच्यामुळे आपण सुखरूप उतरतो. म्हणून ‘आजारी माणसाचं यंत्र आहे, तसंच जाऊ द्या’ ही मागणी मला मान्य नाही. आजारपणाचं सोंग घेता येतं आणि यंत्राचं कवच पोकळ करता येतं. ते उघडून पाहायलाच हवं.

प्रश्न आहे तो ‘कसं पाहायचं’ याचा. माझा आणि माझ्यासारखं यंत्र बाळगणाऱ्या ओळखीच्यांचा अनुभव असा की प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं मिळतं. कुठे पिशवी न उघडता पुढे सरकते. कुठे यंत्र, नळी, मुखवटा, वायर सगळं चार वेगळ्या ट्रेंत मांडायला लावतात. कुठे डॉक्टरांची चिठ्ठी मागतात, कुठे चिठ्ठी पुढे केली तर वाचतही नाहीत. कुठे ‘चालू करून दाखवा’ म्हणतात. लॅपटॉप चालू करून दाखवता येतो, पण नेहमीच्या सीपॅप यंत्राच्या पोटात बॅटरी नसते. सॉकेटला जोडल्याशिवाय ते चालू होणारच नाही आणि पट्ट्याजवळ सॉकेट नसतं. मग वरिष्ठांना बोलावलं जातं, रांग खोळंबते, मागची माणसं माना उंचावून पाहू लागतात. मी पाहिलेल्या फलकांवर लॅपटॉप, मोबाइल, पॉवर बँक, लायटर, कात्री यांची चित्रं होती. श्वासाच्या यंत्राचं नाव मला एकाही फलकावर दिसलेलं नाही.

माना उंचावून पाहणाऱ्यांचा त्रास वाटतो तेवढा किरकोळ नाही. घोरणं ही आपल्या समाजात चेष्टेची गोष्ट आहे. लग्नघरात, सहलीत, रेल्वेच्या डब्यात घोरणाऱ्याची टिंगल करायचा सगळ्यांनाच परवाना असतो. त्यामुळे हा रुग्ण आपलं यंत्र सख्ख्या पाहुण्यांपासूनही लपवतो. कपाटात ठेवतो, झोपायची खोली आतून लावून घेतो. बायकांच्या बाबतीत तर हे दुप्पट. बाई घोरते, हे घरात कबूल करणंच अवघड, मग डॉक्टरकडे जाणं आणि यंत्र घेणं लांबच राहिलं. अशा माणसाला शंभर अनोळखी लोकांसमोर नाकाचा मुखवटा ट्रेमध्ये ठेवून ‘हे काय आहे?’ या प्रश्नाला मोठ्याने उत्तर द्यावं लागतं. नियम ठाऊक असता तर यंत्र आपणहून काढून ठेवता आलं असतं, प्रश्नच आला नसता. रुग्णाला शरमिंदा करतो तो हा अनपेक्षितपणा. त्याच्या मानाने तपासणीचा त्रास काहीच नाही.

या शरमेतून माणसं दोन वाटा काढतात आणि दोन्ही वाईट. पहिली वाट म्हणजे यंत्र मोठ्या बॅगेत टाकून चेक-इन करणं. मग बॅग चुकली की यंत्र गेलं, आणि पहिल्याच रात्री परक्या गावात इलाजाविना झोपायचं. नुकसानभरपाईचा हिशेबही पाहा. देशांतर्गत प्रवासात हरवलेल्या सामानाची विमान कंपनीची जबाबदारी 20,000 रुपयांपर्यंत मर्यादित आहे, आणि आपोआप दाब बदलणारं चांगलं यंत्र त्या रकमेत येत नाही. शिवाय बॅगा ज्या तऱ्हेने फेकल्या जातात ती पाहता, नाजूक मोटर आणि दाब मोजणारा सेन्सर त्यात टाकणं शहाणपणाचं नव्हे.

दुसरी वाट अधिक धोक्याची. ‘आठवड्याचाच तर प्रश्न आहे’ असं म्हणून यंत्र घरीच ठेवायचं. झ्युरिकच्या माल्कम कोहलर आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नियमित यंत्र वापरणाऱ्या रुग्णांचा उपचार दोन आठवडे थांबवून पाहिला. आजार अवघ्या काही दिवसांत परतला. दोन आठवड्यांअखेर सकाळचा वरचा रक्तदाब सरासरी आठ अंकांहून अधिक चढलेला होता. म्हणजे हे यंत्र चष्म्यासारखं आहे. वापरलं तेवढ्यापुरताच त्याचा उपयोग, जमा काही राहत नाही. त्यात प्रवासातली बदललेली वेळ, अर्धवट झोप, कुणाकुणाचं मद्यपान, आणि पोचल्यावर लगेच भाड्याची गाडी चालवणं. ज्या आठवड्यात यंत्राची गरज सर्वांत जास्त, त्याच आठवड्यात ते कपाटात पडून राहतं.

अमेरिकेत हे कसं हाताळलं जातं ते पाहण्यासारखं आहे. मराठी घरांतले कितीतरी आईवडील मुलानातवंडांकडे न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला जातात. मुंबई ते न्यूअर्क हा सलग प्रवासच पंधरा-सोळा तासांचा आहे. तिथल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने, म्हणजे टीएसएने, या यंत्राविषयी आपल्या संकेतस्थळावर यंत्राचं नाव घेऊन लिहून ठेवलं आहे. यंत्र हातातल्या सामानात चालतं आणि चेक-इन सामानातही चालतं. तपासणीला यंत्र पिशवीतून काढून ट्रेमध्ये ठेवायचं, मुखवटा आणि नळी पिशवीतच राहू द्यायची. हवं तर यंत्र आपल्या पारदर्शक प्लॅस्टिक पिशवीत ठेवून एक्स-रेला द्यायचं. स्फोटकांच्या अंशासाठी पुसून पाहायचं झालं, तर मात्र पिशवीतून काढावं लागेल. चार-पाच वाक्यांत सगळं आलं. तिथला अधिकारी कडक असेल, रुक्षही असेल, अंतिम निर्णयही त्याचाच असतो, पण तो काय मागणार हे प्रवाशाला घरी बसून कळतं.

विमान कंपन्यांनाही तिथे कायद्याने बांधलेलं आहे. 1986 चा एअर कॅरिअर अॅक्सेस अॅक्ट आणि त्याखाली 2008 मध्ये सुधारलेले नियम सांगतात की अशा सहायक उपकरणाची गणना हातातल्या सामानाच्या मर्यादेत करायची नाही. हे नियम अमेरिकेला येजा करणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत. म्हणजे मुंबईहून न्यूअर्कला जाणाऱ्या आजोबांना तो हक्क मिळतो, आणि तेच आजोबा तेच यंत्र घेऊन मुंबईहून नागपूरला निघाले की काउंटरवरच्या मुलाला विनंती करतात.

आपल्याकडे अडचण कायद्याच्या चौकटीतच आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगता नोंदलेली आहे, स्लीप अॅप्निया त्यात नाही. ती असावी, असा माझा आग्रहही नाही. हा आजार असलेला माणूस दिवसा धडधाकट असतो, कामाला जातो, जिना चढतो. पण त्यामुळेच तो दोन्हीकडून निसटतो. दिव्यांग प्रवाशांसाठी केलेली तरतूद त्याला आपोआप मिळत नाही, आणि निरोगी प्रवाशांच्या फलकावर त्याच्या यंत्राचं नाव नसतं.

जिथे अपंगत्व डोळ्यांना दिसतं, तिथेही आपल्या व्यवस्थेला शिकायला वेळ लागला. 2012 मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या जीजा घोष गोव्यातल्या एका परिषदेला निघाल्या असताना कोलकात्याला त्यांना विमानातून उतरवण्यात आलं. चार वर्षांनी, 2016 च्या मे महिन्यात, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपयांची भरपाई देवविली. 2021 च्या ऑक्टोबरात नृत्यांगना आणि अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी, दर वेळी सुरक्षातपासणीत कृत्रिम पाय काढायला लावला जातो, हे थेट पंतप्रधानांना उद्देशून सांगितलं. त्यावर सुरक्षा दलाने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. ही दिलगिरी मनाचा मोठेपणा दाखवते, यात शंका नाही. पण सुधा चंद्रन यांचा चेहरा देशाला ओळखीचा होता. अकोल्याच्या किंवा सावंतवाडीच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने हेच म्हटलं असतं, तर ते कुणाच्या कानावर गेलं असतं? लेखी नियमाचं मोल इथे आहे. तो प्रसिद्ध माणसाला आणि अनोळखी माणसाला एकाच तराजूत तोलतो.

यावर एक आक्षेप येतो तो असा, की अशी यंत्रं किती असतील, कुणाकुणाची नावं फलकावर छापायची? यादी खरं तर छोटीच आहे. सीपॅप आणि त्याचाच प्रकार असलेलं बायपॅप, प्राणवायू तयार करणारं सुटसुटीत यंत्र, नेब्युलायझर, इन्शुलिन पंप, पेसमेकर. आणखी दोन-चार धरा. एका फलकाच्या कोपऱ्यात बसेल एवढं हे काम आहे. दुसरा आक्षेप, नियम जाहीर केला की घातपात करणाऱ्यालाही तो कळतो. पण यंत्र काढून वेगळं ठेवावं लागेल, हे कळल्याने त्याचा काय फायदा? लॅपटॉपचा नियम सगळ्या जगाला ठाऊक आहे, म्हणून तपासणी कमकुवत झालेली नाही. उलट, काय अपेक्षित आहे हे माहीत असलेला प्रवासी यंत्र आधीच बाहेर काढून उभा राहतो, पडद्यावरचं चित्र स्वच्छ येतं आणि त्या जवानाचं लक्ष खरोखर संशयास्पद वस्तूकडे राहतं. ज्या यंत्रणेला दररोज लाखो बॅगा पाहायच्या आहेत, तिला हा उपकारच आहे.

स्वच्छतेचा मुद्दा मात्र आपल्याकडे कुणी काढतच नाही. हेलसिंकी विमानतळावर 2015-16 च्या हिवाळ्यात घेतलेले नमुने 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. सुरक्षातपासणीच्या आठ ट्रेंपैकी चारांवर श्वसनाच्या विषाणूंचे अंश सापडले. स्वच्छतागृहांतल्या पृष्ठभागांवर मात्र तसा एकही सापडला नव्हता. या ट्रेमध्ये आपण जे यंत्र उघडं ठेवतो, त्यातून रात्री सात-आठ तास हवा आपल्या फुफ्फुसांत जाते. म्हणून पारदर्शक पिशवीची मुभा हे लाड नव्हेत. यंत्र पुसून पाहताना अधिकाऱ्याने हातमोजे बदलावेत, हवा बाहेर पडते त्या तोंडाच्या आत बोट घालू नये, एवढं सांगण्याचा हक्क प्रवाशाला असायला हवा आणि तो नियमातच लिहिलेला असायला हवा. आज हे सांगितलं तर ‘आम्हाला शिकवता का?’ असं ऐकून घ्यावं लागतं.

रुग्णांनीही आपली बाजू नीट सांभाळायला हवी. टाकीतलं पाणी निघण्यापूर्वी रिकामं करून ती कोरडी करावी, नाहीतर ते मोटरमध्ये शिरतं आणि एक्स-रेत वेगळाच आकार उमटतो. डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र यंत्राच्या पिशवीतच ठेवावं, त्यात आजाराचं नाव आणि यंत्राचा प्रकार असावा. सुटी बॅटरी नेत असाल तर ती हातातल्या सामानातच ठेवायची. 100 वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही, 100 ते 160 पर्यंत विमान कंपनीची मंजुरी लागते आणि अशा दोनच नेता येतात. यंत्राचा अडॅप्टर बहुधा 100 ते 240 व्होल्टवर चालतो, त्यामुळे परदेशात फक्त पिन बदलावी लागते. आणि पट्ट्याजवळ पोचताच, कुणी विचारण्याआधी, स्वच्छ आवाजात सांगावं की हे झोपेतल्या श्वासाचं वैद्यकीय यंत्र आहे. ते कुजबुजत सांगू नये. आपण कुजबुजतो म्हणून समोरच्याला ते लपवण्यासारखं वाटतं.

नागरी विमान सुरक्षा ब्युरोकडे माझी मागणी तीन ओळींची आहे. सीपॅप आणि बायपॅप यंत्राची तपासणी कशी होईल ते मराठीसह प्रत्येक राज्याच्या भाषेत फलकावर आणि संकेतस्थळावर छापा. पट्ट्यावर बसणाऱ्या प्रत्येक जवानाला या यंत्राचं एक्स-रे चित्र प्रशिक्षणात दाखवा. पारदर्शक पिशवी आणि स्वच्छ हातमोजे हा प्रवाशाचा हक्क म्हणून लिहून द्या. याला नवा कायदा लागत नाही, नवी यंत्रसामग्री लागत नाही, एक परिपत्रक पुरतं. ते निघेपर्यंत, यंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, प्रवास एका रात्रीचा असला तरी यंत्र बरोबर न्या, आणि ते चेक-इनच्या बॅगेत न टाकता हातातच ठेवा.